१५ हजारांत पाया : एका घरकुलाचं वर्ष

प्रधानमंत्री आवास योजनेतल्या घरकुलाचा पहिला हप्ता १५ हजारांचा असतो. आमच्याकडच्या काळ्या जमिनीत दोन खोल्यांचा पाया जोत्यापर्यंत, म्हणजे घराच्या चौथऱ्यापर्यंत, आणायचा तर चाळीस-पन्नास हजारांच्या खाली काही होत नाही. आणि जोतं दिसल्याशिवाय दुसरा हप्ता सुटत नाही. मंजुरीचं पत्र घरात फ्रेम करून लावलेलं आणि अंगणात नुसते चर खणून ठेवलेले, अशी घरं तुम्हीही पाहिली असतील. ती बहुतेक इथंच अडकलेली असतात.

मी लातूर-धाराशिवच्या सीमेवर, तालुक्याच्या गावी घरं बांधतो. लोक बिल्डर म्हणतात. आमच्याकडे बिल्डर म्हणजे तीन-चार मिस्त्री, दहा-बारा मजूर, एक मिक्सर आणि सेंट्रिंगच्या प्लेटा. गिऱ्हाईक म्हणजे शिक्षक, बँकेतले लोक, आडत दुकानदार. वडील गवंडी होते, १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर पुनर्वसनाच्या साइटवर त्यांनी काम केलं, तिथेच मी टोपल्या उचलत हे शिकलो. गेली काही वर्षं आम्ही काही मिस्त्री मिळून रविवारी एखाद्या अडलेल्या घरकुलावर जातो. नाव नाही, बॅनर नाही, पावतीपुस्तक तर नाहीच. कुणाचा काँक्रीटचा पट्टा भरून दे, कुणाचे पत्रे चढवून दे, असं. या वेळी मात्र एक घर पहिल्या कागदापासून कडीकोयंड्यापर्यंत आमच्या हातून झालं. त्यानंतर आसपासच्या गावांतून तेच तेच प्रश्न विचारणारे फोन यायला लागले, म्हणून सगळं क्रमानं लिहून ठेवतो.

घर शेजारच्या गावातल्या एका मावशींचं. साठी ओलांडलेली, मालक म्हणजे नवरा वारलेले, एक मुलगी, ती लग्न होऊन सोलापूरकडे. सोयाबीन काढायला, तूर बडवायला लोकांच्या रानात जाणारी बाई. नाव लिहीत नाही, त्यांना आवडणार नाही.

जानेवारी २०२५ : कागद

प्रधानमंत्री आवास योजना ग्रामीणच्या २०१८ च्या 'आवास प्लस' यादीत मावशींचं नाव होतं. सहा-सात वर्षं त्या यादीचं पुढे काय झालं ते त्यांना कुणी सांगितलं नाही आणि त्यांनी विचारलंही नाही. जानेवारीत अचानक ग्रामपंचायतीतून निरोप आला : आधार, बँकेचं पासबुक, जॉबकार्ड (रोजगार हमीचं कार्ड) आणि नमुना ८ (ग्रामपंचायतीतला घर-जागेचा उतारा) घेऊन या. ग्रामसेवकांना आता ग्रामपंचायत अधिकारी म्हणतात, पण काम तेच आहे आणि खांद्यावर गावंही तेवढीच.

नमुना ८ काढला तर जागा मावशींच्या सासऱ्यांच्या नावावर. सासरे जाऊन वीस वर्षं झालेली. वारस नोंद कधी झालीच नव्हती. हे दर दुसऱ्या घरकुलात निघतं, त्यामुळे यादीत नाव असेल तर मंजुरीची वाट न बघता आजच नमुना ८ काढून बघा. फी किरकोळ असते. वारस नोंदीला मृत्यूचे दाखले, सगळ्या वारसांची संमती आणि ग्रामपंचायतीच्या मासिक सभेचा ठराव लागतो. सासऱ्यांचा मृत्यू दाखला जुन्या रजिस्टरात सापडला. अवघड होती ती संमती, कारण धाकटे दीर पुण्यात आणि भावजय-दिरांचं बोलणं बंद.

फोन मीच लावला. ते म्हणाले, "वहिनीनं घर बांधावं, माझं काही म्हणणं नाही. पण सही केली की जागा गेली, असं लोक सांगतात." खरं सांगायचं तर त्यांची भीती वावगी नव्हती. जागा तीस बाय चाळीसची. घरकुलाला लागतात २५ चौरस मीटर, म्हणजे २६९ चौरस फूट, वर शौचालय-न्हाणी. मग एका रविवारी दीर आले, दोरी लावली, अर्धी जागा मोकळी सोडायची असं ठरलं. कच्च्या नकाशावर मापं लिहिली, गावातल्या दोन जाणत्यांच्या सह्या घेतल्या, एकेक प्रत दोघांकडे. संमतीपत्रात "या घराच्या जागेपुरती" हे शब्द घातले. दीर जाताना मावशींच्या हातचा चहा पिऊन गेले. पुढे पत्र्याच्या वेळी त्यांनी पाच हजार पाठवले, ते या दोरीमुळेच असं मला वाटतं.

जॉबकार्ड मालकांच्या नावावर होतं. ते मावशींच्या नावावर करून घेतलं. त्याचं कारण पुढे येईल.

फेब्रुवारी-मार्च : पैसे आले, पण कुठे?

२२ फेब्रुवारी २०२५ ला पुण्यात बालेवाडीला मोठा कार्यक्रम झाला. राज्यातल्या २० लाख लाभार्थ्यांना मंजुरीची पत्रं आणि १० लाखांना पहिला हप्ता, असं जाहीर झालं. मावशींचं पत्रही त्यातलंच. आठवडाभरात गावात ज्याच्या त्याच्या मोबाइलवर १५ हजारांचा मेसेज. मावशींच्या बँकेत मात्र काहीच नाही. रोज पासबुक भरून आणायच्या आणि रडवेल्या व्हायच्या.

पैसे आले होते, पण पोस्टाच्या खात्यात. आदल्या वर्षी लाडकी बहीण योजनेसाठी त्यांनी पोस्टात खातं उघडलं होतं आणि आधार तिकडे जोडलं गेलं होतं. सरकारी पैसा पासबुकाची झेरॉक्स कोणती दिली ते बघत नाही, आधार शेवटचं जिथं जोडलंय तिथं जातो. आधारच्या वेबसाइटवर 'बँक सीडिंग स्टेटस' म्हणून सोय आहे. आधार क्रमांक टाकला, मोबाइलवर ओटीपी आला की कोणत्या बँकेशी जोडलंय ते दिसतं. यासाठी आधारला चालू मोबाइल नंबर लागतो, आणि गावात तो बहुतेकदा बंद पडलेला किंवा जावयाचा असतो. हे दोन्ही आधी तपासा. पोस्टाचं खातं चालतंच, बदलायची गरज नाही. मावशींनी तेच ठेवलं.

मग जुनं घर पाडायला काढलं. ते माळवदाचं. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी : दगड-मातीच्या दोन-अडीच फूट जाडीच्या भिंती, वर लाकडी तुळया, फळ्या आणि त्यावर पांढऱ्या मातीचा फूट-दोन फुटांचा थर. उन्हाळ्यात आत गारवा. पावसाळा आला की वर नवी पांढरी टाकायची, म्हणजे थर दर वर्षी जड होत जातो. ३० सप्टेंबर १९९३ ला, गणपती विसर्जनाची रात्र उलटून पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारीचा भूकंप झाला, तेव्हा माणसं मेली ती मुख्यतः अशा भिंती आणि अशी माळवदं अंगावर येऊन. ५२ गावं नंतर पूर्णपणे दुसऱ्या जागी वसवली. मावशींचं गाव त्यात नव्हतं, तिथं दुरुस्तीचं अनुदान आलं होतं. भिंतीला एका बाजूला मजबुतीकरण झालेलं पाडताना दिसलं, दुसऱ्या बाजूला काहीच नाही.

पाडणं म्हणजे नुसता खर्च, असं समजू नका. भिंतींचा दगड पायाला वापरला, सात-आठ ब्रास (एक ब्रास म्हणजे १०० घनफूट) डबर, म्हणजे पायाचा दगड, विकत घ्यावा लागला असता तो वाचला. सागाच्या तुळया आणि खांब जुनं लाकूड घेणाऱ्या व्यापाऱ्याला १८ हजारांना गेले. पहिल्या व्यापाऱ्यानं आठ हजार सांगितले होते. लाकूड एका जागी रचून, माती झाडून, दोन-तीन जणांना दाखवूनच विका, आणि मुख्य दरवाजा चौकटीसकट ठेवून घ्या. तशी चौकट आज बाजारात मिळत नाही, मिळाली तरी परवडत नाही. पाडताना विंचू निघतातच. पायांत बूट आणि हातांत काठी घेतल्याशिवाय कुणाला भिंतीला हात लावू देऊ नका. मावशींची चूल शेजाऱ्यांच्या गोठ्यातल्या मोकळ्या खणात गेली, ती तिथंच पुढचे दहा महिने राहिली.

पाडवा ते अक्षय्य तृतीया : पाया

३० मार्चला पाडव्याला नारळ फोडला. दुसऱ्या दिवशी खोदाई सुरू.

काळ्या मातीत मिस्त्रीची खरी परीक्षा इथं असते. ही माती पावसात फुगते, उन्हाळ्यात हात आत जाईल एवढी भेगाळते आणि वरच्या भिंतीला तेच करायला लावते. तीन फुटांवर थांबून पैसे वाचवलेलं घर दुसऱ्या उन्हाळ्यात खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकं फाटतं. आम्ही मुरूम लागेपर्यंत गेलो, तो साडेपाच फुटांवर लागला. जेसीबीनं चर काढले, तळाला काँक्रीट, त्यावर जुन्या दगडाचं बांधकाम, आणि जोत्याला चारही बाजूंनी फिरणारा लोखंड घातलेला काँक्रीटचा पट्टा. जोत्याच्या आत भरायला काळी माती नाही, मुरूम. घर बाहेरून २० बाय साडेतेरा फूट. एक खोली, एक स्वयंपाकघर.

आता पैसे. हातात १५ हजार, आणि तुळयांचे १८. त्यात जेसीबी, मुरूम, सिमेंट, लोखंड आणि मजुरी. इथं कामाला आली ती उधारी. तालुक्यातला सिमेंट-लोखंडाचा दुकानदार मावशींना ओळखत नाही, मला ओळखतो. मी वर्षाला त्याच्याकडून पाचशे-सातशे पोती उचलतो. "माल हिच्या नावावर लिही, जबाबदारी माझी, दुसरा हप्ता आला की चुकता," एवढं बोलून काम झालं. एखाद्या लहान गावातल्या ठेकेदाराला घरकुलासाठी काही करायचं असेल तर फुकट मजुरीपेक्षा हे जास्त उपयोगाचं आहे. रविवारचे आठ हात दोन दिवसांचं काम वाचवतात. दुकानातली पत दोन महिन्यांचं थांबणं वाचवते. अर्थात यात धोका आहे, हप्ता बुडाला तर पैसे माझ्या खिशातले. म्हणून पत देण्याआधी आम्ही कागद पूर्ण झालेत का ते बघतो. आधी कागद, मग उधारी, मग खोदाई. या क्रमाला आमच्या गटात कुणी अपवाद करत नाही, सख्खा मेहुणा असला तरी.

पाण्याचं सांगायला हवं. एप्रिलात बांधकामाला पाणी मारणं आमच्याकडे चैन आहे. २०१६ साली लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं होतं, त्या भागातली ही गोष्ट आहे. जोत्यावर पोती अंथरून ओली ठेवली तर निम्म्या पाण्यात भागतं. हे काम मावशींनी स्वतः केलं, सकाळ-संध्याकाळ, एकही दिवस न चुकवता. पगारी वॉचमन असलेल्या बंगल्यांवर मला इतकं चांगलं क्युरिंग बघायला मिळालेलं नाही.

अक्षय्य तृतीयेला, ३० एप्रिलला जोतं पूर्ण झालं.

मे-जून : वाट बघणं

यापुढचं पाऊल म्हणजे जिओ टॅगिंग. पंचायत समितीचे गृहनिर्माण अभियंता येऊन मोबाइलच्या ॲपवर जोत्याचा फोटो काढतात, लाभार्थी समोर उभा करून. तो फोटो वर मान्य झाला की हप्त्याची शिफारस जाते. त्यांच्याकडे गावं खूप, आणि त्या महिन्यांत प्रत्येक गावात जोती एकदमच तयार झालेली. शिव्या देऊन उपयोग नाही, दिल्याही नाहीत. आम्ही एक केलं : गावातल्या तयार जोत्यांची यादी केली, घरमालकांची नावं आणि मोबाइल नंबर लिहिले आणि एकाच फेरीत सगळी होतील असा दिवस मागितला. एकट्या मावशींसाठी त्यांना यायला जड गेलं असतं, नऊ घरांसाठी ते आले. त्या दिवशी घरमालकानं गावात असायलाच हवं. एक जण बाजाराला गेला होता, त्याचा फोटो पुढच्या फेरीला.

त्या मे महिन्यात पाऊसही लवकर आला. मेअखेरीस मान्सून राज्यात दाखल झाला, ऐन उन्हाळ्यात आमच्या जोत्यात पाणी साचलं. मुरूम त्यानं चांगला दबला, एवढंच चांगलं.

रोजगार हमीचं काम याच काळात मार्गी लावलं. घरकुलाला हमीतून अकुशल मजुरीचे ९० दिवस मिळतात. २०२५-२६ चा महाराष्ट्रातला दर ३१२ रुपये, म्हणजे २८,०८० रुपये. हे घरकुलाच्या हप्त्यांपेक्षा वेगळे आणि ते जॉबकार्डावर येतात. जॉबकार्ड चालू नसेल तर ते तसेच सोडून द्यावे लागतात, आणि कित्येक जण सोडून देतातही. कामाची मागणी लेखी द्यावी लागते, हजेरीपट निघावा लागतो. ग्रामरोजगार सेवकाला गाठून पायाच्या वेळीच पहिला हजेरीपट काढून घ्या. घर झाल्यावर मागचे दिवस लावता येत नाहीत.

वाळूचंही याच दिवसांत. एप्रिल २०२५ च्या वाळू धोरणात घरकुलाला ५ ब्रास वाळू मोफत आहे. मोफत म्हणजे वाळूची किंमत नाही, वाहतूक आपली. तहसीलमधून पास घ्यायचा, ठरवून दिलेल्या ठिकाणाहून उचलायची. पावसाळ्यात नदीतला उपसा बंद असतो, त्यामुळे त्याआधी मिळाली तेवढी मिळाली. मावशींच्या वाट्याला तेव्हा दोन ब्रास आली. ती गिलाव्यासाठी ताडपत्रीखाली राखून ठेवली आणि जोडकामाला, काँक्रीटला क्रश सँड, म्हणजे दगड भरडून केलेली वाळू, वापरली. क्रश सँडचा गिलावा चरचरीत होतो, नदीच्या वाळूला तिथं तोड नाही.

जूनच्या शेवटी दुसरा हप्ता आला. ७० हजार. सगळ्या हप्त्यांत हाच मोठा. त्याच दिवशी दुकानदाराचं खातं कोरं केलं. मावशींनी पैसे स्वतःच्या हातानं मोजून दिले आणि पावती मागितली. मला मनापासून बरं वाटलं.

जुलै ते सप्टेंबर : भिंती, पट्टा आणि छपराचा वाद

आषाढी झाली आणि भिंती सुरू केल्या. आठ इंची सॉलिड सिमेंट ब्लॉक, नगाला ४४ रुपये, साडेसातशेच्या आसपास लागले. वीट आमच्याकडे महाग पडते आणि पावसाळ्यात भट्ट्या बंद. कोपऱ्याकोपऱ्यात पायापासून वर आणलेला १२ एमएमचा उभा गज, आणि खिडकी-दरवाजांच्या वर चारही भिंतींवरून अखंड फिरणारा पट्टा. हा पट्टा कुठेही तुटता कामा नये. कोपऱ्यात गज काटकोनात वाकवून दुसऱ्या भिंतीत दोन फूट तरी आत न्यायचे. नुसते एकमेकांवर टेकवून ठेवले तर हलताना कोपरा उघडतो आणि पहिली भिंत बाहेर पडते. वडील हे पुनर्वसनाच्या साइटवर शिकले, मला त्यांनी कानाला धरून शिकवलं. पैसे वाचवण्यासाठी लोक सगळ्यात आधी हा पट्टा गाळतात, फक्त दरवाज्यावर लिंटेल, म्हणजे आडवी तुळई, टाकतात. सगळे पट्टे मिळून लोखंड अडीच क्विंटल लागलं, १५ हजार. तिथं हात आखडू नका, फरशी नंतर होते.

छपरावरून मात्र रण माजलं. मुलगी आणि जावई म्हणाले, स्लॅबच टाका. पत्र्याचं घर म्हणजे शेड, पाहुणे हसतील. पुण्याहून दिरांचंही तेच. मी हिशेब मांडला : स्लॅबचे एक लाख वर जातात आणि योजनेत तेवढे नाहीत, कर्ज मावशींच्या नावावर चढेल. जावई म्हणाले, आम्ही बघू. असं म्हणणारे पुष्कळ असतात.

मावशी इतका वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "लेकरा, मला वर जड काय बी नको. मी त्या रातीला जावेला मातीतून वढून काढलंय. पत्रा पडला तर खरचटंल. तुम्ही पत्राच टाका."

चांगल्या पट्ट्यांवरचा, नीट टाकलेला स्लॅब पडत नाही हे मला ठाऊक आहे, शंभरावर टाकलेत. पण ज्या बाईला त्याखाली झोपायचंय तिला झोप यायला हवी, हे त्याहून मोठं. आणि हिशेबही तिच्याच बाजूनं होता. विषय संपला. जावई त्या रात्री जेवले नाहीत, सकाळी जेवले.

पत्र्याचं घर तापतं, ते खोटं नाही. म्हणून भिंती दहा फुटांपर्यंत नेल्या, समोरासमोर खिडक्या ठेवल्या आणि पत्र्याखाली गॅबलला, म्हणजे भिंतीच्या वरच्या त्रिकोणाला, दोन्हीकडे जाळ्या सोडल्या. वरच्या पट्ट्याचं काँक्रीट ओलं असतानाच त्यात बोल्ट रोवून ठेवले, पाइपाची फ्रेम त्यांनाच कसायची. मृगाच्या तोंडावर सुटणाऱ्या वावटळीत पत्रे उडतात ते फ्रेम भिंतीवर नुसती ठेवलेली असते म्हणून.

गणपतीच्या आत लिंटेलचा पट्टा झाला आणि फोटोसाठी यादी पुन्हा दिली. सप्टेंबरात मात्र मराठवाड्यात जे झालं ते सगळ्यांनी बातम्यांत पाहिलं. महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात तर नद्यांनी पात्रं सोडली, रानंच्या रानं खरवडून गेली. मावशींचं गाव उंचावर, घर वाचलं. उघड्या भिंतींवर आम्ही ताडपत्र्या टाकल्या. आमच्या गटातले बाकीचे रविवार पूरग्रस्त गावांत चिखल काढण्यात गेले, इथं कुणी फिरकलं नाही. मावशींनीच सांगितलं होतं, "तिकडं जा, माझं काय पळून चाललंय?" सोयाबीन कुजल्यामुळे त्यांची काढणीची मजुरीही त्या वर्षी बुडाली.

एक सांगण्यासारखी गोष्ट त्याच आठवड्यातली. २२ सप्टेंबरपासून सिमेंटवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला. आमच्या दुकानात पोत्यामागे पंचवीस-तीस रुपये कमी झाले. गिलाव्याचं सिमेंट उचलायचं राहिलं होतं, ते थांबून नंतर घेतलं.

दसरा ते संक्रांत : पत्रा, गिलावा, शौचालय

दसऱ्यानंतर फ्रेम आणि पत्रे. ३४ हजार झाले. तिसरा हप्ता ३० हजारांचा, तो तेव्हा यायचा होता, आला नोव्हेंबरात. मधल्या काळासाठी मावशींनी बचत गटातून ३० हजार घेतले. गटाचं व्याज सावकारापेक्षा कितीतरी कमी, आणि गटातल्या बायका रोज येऊन काम बघून जात, तो दाब कामगारांवर राहिला. मी नसताना मिस्त्री आळसावले की मला आधी त्यांचा फोन यायचा. घरकुल हाती घेणाऱ्या बाईनं बचत गटातली आपली पत आधीपासून चांगली ठेवावी, हे मी आता प्रत्येकीला सांगतो.

दिवाळीत घराला दार होतं, गिलावा नव्हता. मावशींनी जुनी चौकट तेल लावून चमकवली आणि उंबऱ्यावर पणत्या लावल्या. राहायला अजून गोठाच.

गिलावा, शहाबादी फरशी, वायरिंग डिसेंबरात. शौचालय शेवटी. स्वच्छ भारतचे १२ हजार वेगळे मिळतात, पण काम पूर्ण झाल्याच्या फोटोवर. दोन शोषखड्डे घेतले, मधे चेंबर, एक भरला की दुसरा चालू. काळ्या मातीत खड्ड्यातलं पाणी जिरत नाही, म्हणून मुरुमापर्यंत खोल जाऊन भोवती विटांचे तुकडे भरावे लागतात. खर्च २२ हजारांपर्यंत गेला. एका खड्ड्यात भागवता आलं असतं, पण ते पाच वर्षांनी कुणीतरी उपसायचं म्हणजे काय, ते गावात राहणाऱ्याला सांगावं लागत नाही.

संक्रांतीच्या सुमारास शेवटचा फोटो झाला. भिंतीवर योजनेचं नाव, मंजुरीचं वर्ष, लाभार्थ्याचं नाव असा चौकोन रंगवून घेतला. तो नसेल तर फोटो परत येतो, तेव्हा पेंटरला आधीच बोलवा. ५ हजारांचा चौथा हप्ता त्यानंतर आला.

हिशेब

ब्लॉक ३३ हजार, सिमेंट ३७, लोखंड १५, जेसीबी-मुरूम ८, वाळूची वाहतूक आणि क्रश सँड १२, छप्पर ३४, मजुरी ५२, खिडक्या आणि एक दरवाजा १२, फरशी ९, वायरिंग ८. घराचे झाले २ लाख २० हजार, शौचालय धरून २ लाख ४२ हजार. देखरेख, सेंट्रिंग आणि मिक्सरचं भाडं यात नाही, ते आमच्या मिस्त्रींच्या गटाचं.

आलेले पैसे : चार हप्ते मिळून १ लाख २० हजार, हमीचे २८ हजार, शौचालयाचे १२ हजार, तुळयांचे १८ हजार, दिरांचे ५ हजार. ही बेरीज १ लाख ८३ हजार होते. राज्यानं एप्रिल २०२५ मध्ये घरकुलाला आणखी ५० हजार जाहीर केले, त्यातले ३५ हजार बांधकामाचे आणि १५ हजार छतावर सोलर बसवण्यासाठी. त्यातले ३५ हजार हे लिहीपर्यंत यायचे आहेत. ते आले की बचत गटाचं कर्ज फिटतं. उरलेले मावशी सोयाबीन-तुरीच्या मजुरीतून फेडतायत, आमच्या एका मिस्त्रीची पाच हजारांची बाकी त्यातच आहे आणि त्यानं अजून मागितलेली नाही. म्हणून सांगतो, जाहीर झालेला पैसा हिशेबात धरा, पण त्या भरवशावर माल उचलू नका.

सोलरसाठी वीजजोडणी लाभार्थ्याच्या नावावर लागते. मावशींचं मीटर अजून सासऱ्यांच्या नावावर आहे. नावबदलाचा अर्ज गेल्या आठवड्यात भरला, सोबत नवा नमुना ८ जोडला. या वेळी तो मावशींच्या नावाचा होता, त्यामुळे खिडकीवर कुणी काही विचारलं नाही.